हेलनच्या घरापर्यंतचा रस्ता

मिलिंदने पिकअप घेतली तेव्हा वरदा त्याच्याशी चार दिवस धड बोलली नव्हती. रिटायर झाल्यावर शहरातलं घर विकून उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन्सच्या डोंगरात राहायला यायचं तिने कबूल केलं होतं. दारात छानशी छोटी गाडी असताना मागे उघडा हौदा असलेलं हे धूड कशाला, हे मात्र तिला कळत नव्हतं. त्यात पहिल्याच हिवाळ्याआधी त्याने गाडीच्या तोंडाला बर्फ सारायचं पिवळंधमक लोखंडी पातं बसवून घेतलं. गाडी मध्यम आकाराची, जड पातं तिच्या स्प्रिंगांना झेपणार नाही, म्हणून मुद्दाम हलकं शोधून आणलं होतं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने साठी उलटल्यावर बर्फ नांगरायला निघावं, याला काय म्हणायचं, असं वरदा फोनवर मैत्रिणींना सांगायची. पण बर्फ पडला की मिलिंद चहाच्या आधीच बाहेर पडायचा आणि लेनमधल्या सगळ्या घरांची दारं मोकळी करून यायचा. जन्मभर हाडांचा सर्जन म्हणून काम केलेला माणूस. हाताला लोखंड लागल्याशिवाय त्याला करमायचं नाही.

गेल्या वसंतात त्याला स्ट्रोक झाला. उजवा हात आणि पाय अधू झाले, आणि वाचा गेली. चाळीस वर्षं बोललेलं इंग्रजी ऐकून कळायचं, पण जिभेवरून पुसूनच गेलं. मराठीचे तुकडे आत कुठेतरी शिल्लक होते, पण ओठांवर यायचा तो एकच शब्द, ‘मंगळवार’. चहा हवा असला तरी मंगळवार, पाय दुखला तरी मंगळवार. तो शब्द स्वतःच्याच कानांवर पडला की मिलिंद डोळे मिटून घ्यायचा. स्पीच थेरपिस्ट मुलगी गोड होती, चित्रांची कार्डं घेऊन यायची. सफरचंद, छत्री, कुत्रा. पुढे पुढे तो कार्डांकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बसायला लागला. वरदानेही त्याला काही विचारणं कमी केलं होतं. विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर चुकलं की त्याचा चेहरा पडणार. त्यापेक्षा आपणच ठरवून मोकळं व्हावं. घरात दोन माणसं असून आवाज फक्त भांड्यांचा येत होता.

जानेवारीत शुक्रवारपासून बर्फ सुरू झाला तो रविवारी रात्री थांबला. सोमवारी सकाळी लेनच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या हेलनचा फोन आला. हेलनच्या दोन्ही किडन्या निकामी होत्या आणि डायलिसिसवर तिचं आयुष्य चाललं होतं. नवरा समुद्रात तेलाच्या रिगवर नोकरीला, त्यामुळे घरात ती एकटीच. शनिवारचं डायलिसिस बर्फामुळे चुकलं होतं. हॉस्पिटलची गाडी आज खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत येणार होती, तिथे मीठ टाकून झालं होतं; पण वरची लेन कौन्सिलच्या बर्फ काढायच्या यादीत फार खाली. माउंटन रेस्क्यूवाले दुसरीकडे अडकलेले. ट्रॅक्टरवाला ॲलन माळापलीकडे मेंढ्या सोडवायला गेलेला. हेलन तक्रार करत नव्हती. पाय जड झालेत आणि ओठांभोवती मुंग्या येतायत, हे नॉर्मल आहे का, एवढंच विचारायला तिने फोन केला होता.

वरदा भूलतज्ज्ञ होती. ते नॉर्मल नव्हतं. शरीरात पोटॅशियम साठत गेलं की काय होतं ते तिने ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिलं होतं. डायलिसिस युनिटला फोन करून तुझी लक्षणं सांग आणि अंगावर कपडे चढवून तयार राहा, असं तिने हेलनला सांगितलं. फोन ठेवला आणि खिडकीतून शेडकडे बघत राहिली. मिलिंद आजारी असूनही ॲलनने यंदा न विसरता पातं बसवून ठेवलं होतं. मागच्या चाकांना पकड यावी म्हणून हौद्यात वाळूची पोतीही टाकली होती. पिकअप वरदाने याआधी फक्त कधीतरी गॅरेजपर्यंत नेली होती.

तेवढ्यात केंब्रिजहून इरावतीचा रोजचा फोन आला. ऐकून लेक घाबरलीच.

“आई, प्लीज, तू नको जाऊ. आणि बाबाला घेऊन? तुझं वय बघ ना.”

“बाबाला घरी एकटं कसं ठेवू? पडला तर?” वरदा म्हणाली. “पोटॅशियम वाढलं की हृदय न सांगता थांबतं, इरा. हेलनला मी इथे बसून धीर देऊ शकत नाही.”

मिलिंदला पिकअपमध्ये चढवता चढवता तिच्या नाकी नऊ आले. शेवटी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दाराशी ठेवलं, त्याचा अधू पाय हाताने उचलून वर घेतला, आणि मागून खांद्याने रेटा दिला. तो डावीकडच्या सीटवर बसला तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. गाडी सुरू झाल्यावर मात्र तो ताठ बसला. ते तिने पाहिलं, पण त्या वेळी तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

सुरुवात अगदीच वाईट झाली. पातं खाली-वर करायचा रिमोट वळीदार वायरला लोंबत होता. तिने पातं पार टेकवलं, सरळ ठेवलं आणि जोर लावला. थोडं पुढे जाताच समोर बर्फाचा ढीग झाला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मिलिंदने डाव्या हाताने डॅशबोर्डवर थाप मारली. मग तोच पंजा हवेत उभा धरून तिरका केला. वरदाला कळायला क्षणभर लागलं. पातं तिरकं हवं, म्हणजे बर्फ समोर न साचता बाजूला पडेल. तिने गाडी मागे घेतली, पातं वळवलं, आणि या वेळी बर्फाची लाट कडेच्या दगडी भिंतीकडे कलंडत गेली.

पण बटणांकडे बघावं तर स्टिअरिंग सुटत होतं. एका वळणावर ती मान खाली घालून बटण शोधत असताना गाडी घसरत भिंतीला घासली. ब्रेकवर पाय ठेवून ती नुसती बसून राहिली. तेव्हा मिलिंदने डावा हात पुढे केला आणि तिच्या मुठीतून रिमोट काढून घेतला. तिने सवयीने, तुला जमेल का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने अंगठ्याने पातं किंचित उचललं, समोर बोट दाखवलं.

त्यानंतर काम चालू लागलं. स्टिअरिंग तिच्याकडे, पातं त्याच्याकडे. तो उचलायचा, ती मागे घ्यायची; तो टेकवायचा, ती पुढे जायची. किती वर्षं असंच तर केलं होतं दोघांनी. टेबलावर पेशंट, मध्ये हिरवा पडदा. पलीकडे तो करवत चालवतोय आणि अलीकडे ती श्वास सांभाळतेय, मोजून दोन-तीन शब्दांत सगळं बोलणं. आता तर तेही नव्हते, तरी अडत नव्हतं.

ॲलनचं शेवटचं कुरण ओलांडल्यावर दोन्हीकडच्या भिंती संपल्या आणि उघडा माळ लागला. आकाश पांढरं, जमीन पांढरी. रस्ता कुठे संपतो तेच कळेना. हेलनच्या घराचं धुराडं दिसत होतं, म्हणून वरदाने वेग थोडा वाढवला.

“थांब,” मिलिंद म्हणाला.

तिने ब्रेक दाबला. गाडी सरकत सरकत थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा ताणलेला, ओठ हलत होते. काहीतरी आतून ओढून काढावं तसा तो घाम गाळत होता.

“जाळी,” तो म्हणाला. “जाळी. पुढे.”

वरदा फावडं घेऊन उतरली. चार पावलांवर तिने फावडं बर्फात खुपसलं आणि लोखंडाचा आवाज आला. मेंढ्यांनी ओलांडून जाऊ नये म्हणून रस्त्यात आडव्या बसवलेल्या गजांची ती कॅटल ग्रिड होती. पातं त्या गजांत अडकलं असतं तर पातं तुटलं असतं, कदाचित गाडीही तिथेच बसली असती, आणि मग हेलनपर्यंत जायला कोणी उरलं नसतं. वाऱ्यात उभी असताना वरदाला रडू आलं. ते ग्रिडमुळे नव्हतं. तिने नाक पुसलं, परत येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, “उचल मग.”

त्याने पातं पूर्ण वर घेतलं. त्यांनी हळूच जाळी ओलांडली.

हेलनच्या फाटकाशी वाऱ्याने बर्फाचा बांध घातला होता, बॉनेटएवढा उंच. वरदा धडक मारायच्या बेतात होती, पण मिलिंदने मान हलवली आणि पातं अर्ध्यावर धरलं. वरचा थर आधी, मग मधला, मग खालचा. “मागे,” तो म्हणत होता. “पुढे. मागे.” एकदा ‘मागे’च्या जागी ‘मंगळवार’ आलं, तेव्हा त्याने स्वतःच मान झटकली आणि पुन्हा नीट म्हणाला. वरदा आता त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. शब्द यायचे तर येऊ देत, नाही तर त्याचा हात होताच.

हेलन दारात कोट घालून बॅगेवर बसली होती. चेहरा मेणासारखा. वरदाने तिची नाडी पाहिली, ठोके मंद होते. तिला धरून मागच्या सीटवर बसवलं. हेलनने पुढे वाकून मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि आभार मानले.

“मंगळवार,” मिलिंद म्हणाला.

“सोमवारच आहे, डॉक्टर,” हेलन थकलेल्या आवाजात म्हणाली. त्या एका मराठी शब्दाचा अर्थ वरदाने तिला कधीच सांगितला होता.

आणि मिलिंद हसला. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच त्या शब्दावर डोळे न मिटता, खांदे हलवून हसला. मग वरदाही हसली.

उतरताना घरापर्यंतचा रस्ता त्यांचाच होता, आणि घराखालचा उरलेला तुकडाही त्यांनी तसाच मोकळा करत नेला. मोठ्या रस्त्यावर हॉस्पिटलची गाडी दिवे लावून उभी होती, आणि युनिटने फोन केला होता म्हणून बरोबर एक पॅरामेडिकही आला होता. त्याने तिथेच हेलनच्या छातीला तारा लावल्या, कागदावरच्या रेषा बघून भुवया चढवल्या, औषध दिलं आणि तिला घेऊन गेला. दुपारी युनिटमधून फोन आला. मशीनवर घेतलंय, ठोके सुधारलेत. अजून एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं, असं तिथली नर्स म्हणाली. रात्री रिगवरून हेलनच्या नवऱ्याचाही फोन आला.

खरं तर हेलनला सोडल्यावर वरदा सरळ घरी यायला निघाली होती, मिलिंद दमला असेल म्हणून. पण म्हाताऱ्या जोनच्या फाटकाशी येताच त्याने डॅशबोर्डवर थाप मारली आणि दारातल्या बर्फाकडे बोट दाखवलं. मग पुढच्या घराशी पुन्हा. जोनने खिडकी उघडून, बरे झालात का, असं मोठ्याने विचारलं. मिलिंदने रिमोट उंच करून दाखवला.

सगळं एकदम पालटलं असं नाही. थेरपिस्टने ही हकिकत ऐकली आणि चित्रांची कार्डं बाजूला ठेवून शेडमधली अवजारं टेबलावर मांडायला सांगितली. पाना, फावडं, साखळी, तेल. त्यातले काही शब्द आले, काही आले नाहीत, काही आज येऊन उद्या गेले. पण मिलिंद खिडकीकडून वळून बसला.

फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला तेव्हा वरदा उठून बघते तो मिलिंद पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने एक बूट चढवत होता. त्या दिवशी लेनच्या वळणावर त्याने तिला तीनदा “हळू” म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा ती भडकली.

“मला शिकवू नकोस, मिलिंद. मागच्या वेळी मीच चालवली होती.”

“भिंत,” तो तितक्याच रागाने म्हणाला. “भिंत कोणी घासली?”

वरदाने त्याच्याकडे वळून पाहिलं. पूर्ण वाक्य होतं. तिने मुद्दामच कौतुक केलं नाही; ती त्याच्याशी भांडत राहिली, थेट हेलनच्या फाटकापर्यंत.