तेल मी प्यायलो नव्हतो

मी टर्बो बोलतोय. दचकू नका, माझा आवाजच जरा शिट्टीसारखा आहे. इंजिनाने बाहेर टाकलेल्या गरम धुरावर माझं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा इंजिनात कोंबतं. म्हणजे मी जगतो इंजिनाच्या टाकाऊवर, आणि वर त्यालाच भरवतो. तरी नाव होतं इंजिनाचं. बोल लागतो मला.

भट्टीतून निघालो तेव्हा फार मोठी स्वप्नं होती हो माझी. पण पहिली गाडी मिळाली ती एका दातांच्या डॉक्टरची. हा गृहस्थ इतक्या जपून चालवायचा, की मला धड फिरायलाही मिळत नसे. पुढे एका ट्रकने त्याच्या गाडीला मागून ठोकलं आणि गाडी भंगारात गेली. तिथून मला धाकटीने उचलून आणलं.

धाकटी म्हणजे दोन बहिणींतली. थोरली इंजिनं बांधते, धाकटी ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवते. दोघींचं वर्कशॉप एक, जेवणाचा डबा एक आणि रोजचं भांडणही एकच. मला पाहून थोरलीने नाक मुरडलं होतं. "माझ्या इंजिनाला भंगारातला टर्बो?" असं म्हणत म्हणतच तिने मला बसवलं.

घरातले तिसरे म्हणजे भाऊजी, थोरलीचे यजमान. शाळेत गाणं शिकवतात. पाना कुठला आणि पक्कड कुठली हे त्यांना अजून विचारावं लागतं. त्यांच्या हातून काही बिघडू नये म्हणून बहिणींनी त्यांना एक सोपं काम देऊन ठेवलं होतं : ट्रॅकवर निघण्याआधी इंजिनात बुडवलेली मोजपट्टी काढून तेल बघायचं आणि कमी दिसलं तर घालायचं. भाऊजी ते बाह्या सरसावून, गुणगुणत, अगदी मन लावून करायचे.

मोसम सुरू झाला आणि आमची गाडी तेल प्यायला लागली. वळणावरून बाहेर पडून धाकटीने पाय दाबला की मागे निळसर धुराचा पडदा. मागच्या गाडीवाल्याला रस्ता दिसेना. ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याने बजावलं, "पुन्हा धूर दिसला तर या मोसमात ही गाडी आत सोडणार नाही." किती वर्षं हळू गाड्यांच्या शर्यतींत काढून धाकटी या वेगवान गाड्यांच्या गटात पोचली होती! पोरीचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं.

घरी आल्यावर चौकशी सुरू झाली. चौकशी कसली, निकाल आधीच लागला होता.

"टर्बोतूनच तेल गळतंय," थोरली म्हणाली. "मी बांधलेलं इंजिन तेल पिणार नाही."

"म्हणजे मी आणलेलीच वस्तू वाईट! ताई, आधी बघ तरी."

थोरलीने मला सोडवून टेबलावर ठेवलं आणि माझा दांडा बोटाने हलवला. "बघ, हलतोय!"

"तेल नसताना एवढा हलतोच. तूच शिकवलंयस मला," धाकटी म्हणाली. "आणि धुराकडचं चाक बघ, कोरडं ठणठणीत. ओली आहे ती हवा आत घेणारी बाजू. तेल त्याच्या तोंडात आधीच येतंय. इंजिनातून."

झालं! मी सुटलो आणि थोरली अडकली. तिने रागारागाने चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही उत्तम. पिस्टनच्या रिंगा ठीक, टर्बो ठीक, आणि धूर मात्र तस्साच. अशा वेळी माणसं काय करतात? जुनी भांडणं काढतात. कोणी कोणाची सायकल मोडली होती इथपर्यंत मजल गेली. शेवटी थोरली म्हणाली, "इंजिन उतरवून खोलते. चूक माझी निघाली तर हे काम सोडते. तुझी निघाली तर तू दुसरी मेकॅनिक शोध."

इंजिन उतरवायचं तर आधी तेल काढायला हवं. गाडी आतल्या सपाट जागेवर ढकलली, खाली ट्रे सरकवला, बूच काढलं. तेल येऊ लागलं. येतच राहिलं. ट्रे काठोकाठ भरला, ओसंडला आणि धार थोरलीच्या नव्या बुटांवरून पसरली.

"तेल पिणाऱ्या गाडीच्या पोटात एवढं तेल?" धाकटी म्हणाली.

दोघींनी एकदमच मान वळवली. भाऊजींचं गुणगुणणं थांबलं. "अगं, पट्टीवर तर दर वेळी कमीच दिसायचं!"

"अहो, पट्टी बघायचात कुठे?"

"बाहेर. दारासमोर, उजेडात."

दारासमोर उतार आहे. गाडी नाक वर करून उभी राहायची, तेल मागे सरकायचं आणि पट्टीला लागायचं नाही. बिचारे भाऊजी भरलेल्या इंजिनात आणखी ओतायचे. आत त्याचा फेस व्हायचा, तो इंजिनातली वाफ वाहून नेणाऱ्या नळीतून माझ्या तोंडात यायचा आणि मी तो इमानाने इंजिनाला भरवायचो. जळून कमी झालं की पुन्हा भाऊजी हजर!

थोरली मटकन खाली बसली. आधी हसली, मग डोळे पुसले. भाऊजींना मात्र कोणी बोललं नाही. इतक्या प्रेमाने चुकणाऱ्या माणसाला काय बोलणार?

मग तिने मला स्वच्छ पुसलं आणि जागेवर बसवू लागली. धाकटीकडे न बघता, पण तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने, मला म्हणाली, "चुकलं हो माझं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

गाडीखालून धाकटीचं उत्तर आलं, "तो म्हणतोय, असू दे. पण काम सोडते असं पुन्हा म्हणू नकोस. त्याला भीती वाटते."

थोरलीचा पाना थांबला. "नाही म्हणणार," ती हळूच म्हणाली.

आता मी छान फिरतोय, मागे धूर नाही. तुमच्याकडेही कधी धूर निघाला, तर माझी एवढीच विनंती : नव्याला पकडण्याआधी आणि आपल्या माणसाला तोडण्याआधी गाडी जरा सपाट जागेवर घेऊन बघा. चला, येतो. धाकटीने किल्ली फिरवली.