ढोलीतली धनेशीण

मुरगूडच्या बाहेर, ओढ्याकडेच्या कबरस्तानात एक जुनाट आंबा आहे. तिथली राखण बाबालाल करायचा. वय साठीला टेकलेलं. मार्चात त्या आंब्याच्या ढोलीत धनेशाची मादी शिरली आणि तिनं आतून ढोलीचं तोंड लिंपून घेतलं. बोटभर फट तेवढी ठेवली. तेव्हापासून राखी रंगाचा नर दिवसभर खेपा घालायचा. गळ्यात वडा-उंबराची फळं भरून आणायचा आणि एकेक फळ चोचीत घेऊन फटीतून आत सरकवायचा.

कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या क्रांती मॅडमनी बाबालालला एक वही दिली होती. नर दिवसातून किती वेळा आला, तेवढं लिहायचं.

"ही बया असं कोंडून का घेती, मॅडम?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ज्याची त्याची जगायची रीत, चाचा. उसातला उंदीर एका वेताला आठ-दहा पिल्लं घालतो. निम्मी साप-घुबडं खातात, तरी रान उंदरांनी भरलेलं. हिची दोन-तीन अंडी, तीही वर्षातनं एकदा. म्हणून एवढा बंदोबस्त. पिल्लं कुणाच्या तोंडी पडत नाहीत. पण सगळा भार नरावर."

बाबालालला ते पटलं. लग्नानंतर बारा वर्षांनी त्याला एकुलती एक मुलगी, सना, झाली होती. त्याच्या बायकोनं, खैरुनबीनं, तिला तीन वर्षं अंगणाबाहेर एकटं सोडलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी ढोलीतून पिल्लांची चिरचिर ऐकू यायला लागली. नराच्या खेपा वाढल्या. आणि एका गुरुवारी तो आलाच नाही.

दुपारपर्यंत बाबालाल मान वर करून बसला. फटीतून मादीची चोच सारखी बाहेर येत होती, आत जात होती. संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"मॅडम, आज एकबी खेप न्हाय."

"उद्याचा दिवस बघू. माझी परीक्षेची ड्युटी आहे, शनिवारी येते. ढोली फोडू नका चाचा. आत तिची पंखांची पिसं झडलेली असतात, बाहेर आली तर उडता येईलच असं नाही."

शुक्रवारी सकाळी नर सापडला. उसाच्या बांधावर, विजेच्या तारांखाली पडला होता. एक पंख करपलेला. बाबालालनं त्याला उचललं तशी त्याच्या गळ्यातून चार उंबरं खाली पडली.

तीच उंबरं त्यानं पुसून घेतली. लांब वेळूच्या टोकाला खाच पाडली, तिच्यात फळ बसवलं आणि वेळू फटीपर्यंत नेला. चोच झटकन आत गेली. पिल्लं ओरडत राहिली, मादी गप्प. त्यानं हात भरून येईस्तोवर वेळू धरला. खाली ठेवला, पुन्हा धरला. खैरुनबी भाकरी घेऊन आली.

"अवं, ती घ्यायची न्हाय. तुमी तिचं कोण?"

"मग काय करू? बघत बसू?"

खैरुनबीनं भाकरी खाली ठेवली. तीही शेजारी बसून बघत राहिली.

शनिवारी सकाळी लिंपणाचे ढपले खाली पडू लागले. मादी आतून फोडत होती. तासाभरानं ती बाहेर आली. मळकी, खुरटी, शेपूट अर्धीमुर्धी. फांदीवर तिला धड बसता येईना. तिनं पंख मारले, पाचोळ्यासारखी तिरपी खाली आली आणि कमरेएवढ्या उसात शिरली. बाबालाल मागं धावला. सरीत वाकून वाकून त्यानं पानं बाजूला केली, हात कापून घेतले. ती दिसली नाही.

दुपारी क्रांती मॅडम शिडी घेऊन आल्या. वर चढून त्यांनी ढोलीत हात घातला. दोन पिल्लं होती. एक थंड पडलं होतं. दुसऱ्यानं मॅडमचं बोट बघून तोंड एवढं मोठं उघडलं.

"हे घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "कुस्करलेली फळं देऊन बघू."

"जगंल?"

"सांगता येत नाही, चाचा."

खोक्यात फडकं घालून त्यांनी पिल्लू गाडीत ठेवलं. तासाभरातच फोन आला.

"कागलपर्यंतसुद्धा नाही पोचलं. माझ्या हातातच गेलं." मॅडम म्हणाल्या. "आणि मादी? दिसली का?"

"न्हाय."

बाबालालनं फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज उसाच्या कडेला जाऊन बांधावर मूठभर उंबरं ठेवू लागला. आठव्या दिवशी खैरुनबीनं त्याला उंबऱ्यात अडवलं.

"किती दिवस जाणार? मुंग्या खात्यात ती उंबरं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या.