चांगल्या पायावरचा पट्टा

मित्रांनो, गुडघ्याला बांधतात तो पट्टा मी. जुना झालोय. जवळ आलात तर वासावरूनच कळेल. ऋतिका मला दर रविवारी साबणात बुडवते, पण दोन वर्षांचा घाम असा एका धुण्यात थोडाच जातो?

कुठल्या कारखान्यात शिवला गेलो ते आता आठवत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या घालून, खोक्यात बसवून मला रत्नागिरीला एसटी स्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात आणलं. तिथे खोकल्याच्या बाटल्यांशेजारी बसून मला वाटायचं, एखादी आजी आपल्याला नेणार आणि जिने चढण्या-उतरण्यात आपला जन्म जाणार. पण मला नेलं ऋतिकाने, तिच्या भावासाठी. भाऊ म्हणजे सर्वेश, कबड्डीपटू! मी मनातून फार खूश झालो.

सर्वेश मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाकडून खेळायचा. करार वर्षाचा असायचा. फेब्रुवारीत तो संपायचा आणि एप्रिलमध्ये नवा व्हायचा. त्या वर्षी जानेवारीत एका सामन्यात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि तो गावी आला. संघाचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "पाच एप्रिलला ये. धावून दाखव, आमचे डॉक्टर तपासतील, मग सही करू. तोवर जप स्वतःला." म्हणजे मधल्या दिवसांत त्या गुडघ्याला काही झालं, तर ते सर्वेशचं सर्वेशने निस्तरायचं.

मी रोज सकाळपासून त्याच्या उजव्या गुडघ्यावर असायचो. जांभ्याच्या पायऱ्या सावकाश उतरायच्या, बागेपर्यंत चालायचं, परत यायचं. मार्चच्या मध्यापर्यंत त्याचं लंगडणं थांबलं. त्याचं थोडं श्रेय मी घेतो, कुणी दिलं नाही तरी.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचते आणि संध्याकाळी कबड्डीचे सामने होतात. मुंबईला खेळणारा मुलगा सणाला आला की तो वाडीकडून उतरतोच. खेळणार का, असं त्याला कुणी विचारत नाही. जर्सी घरी आणून देतात आणि चहा पिऊन जातात. सर्वेशने तीन दिवस जर्सी खुंटीला ठेवली. वाडीतले लोक त्याच्याशी बोलायचे, पण जरा कमीच.

चौथ्या दिवशी खालच्या वाडीशी अंतिम सामना होता. त्यांच्याकडे नितेश होता, सर्वेशच्या वर्गातला, पकडीत एकदम तरबेज. मध्यंतराला आमची वाडी सहा गुणांनी मागे होती. सर्वेशचे वडील महिपत मैदानाच्या कडेने त्याच्याजवळ आले. आपल्या काळात तेही गाजलेले खेळाडू होते.

"एक चढाई मार. एकच."

"बाबा, गुडघा अजून पुरता बरा नाय. पाच तारखेला तपासणी हाय."

महिपतांनी माझ्याकडे पाहिलं. "नितेश हा पट्टा बघूनच पाय धरणार. मग पट्टा डाव्या पायाला बांध. त्याला डावाच दुखरा वाटंल, उजव्याकडं तो जाणारच नाय."

"दादा, नको," ऋतिका म्हणाली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

महिपत वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. त्यांना सामना हवा होता आणि मुलाचा करारही हवा होता. दोन्ही माझ्या भरवशावर साधेल असं त्यांना वाटलं.

मला डाव्या गुडघ्यावर चढवलं. तो धडधाकट होता, त्याला माझी काही गरज नव्हती. नाटकातल्या खोट्या मिशीसारखा मी तिथे बसलो. पहिल्या चढाईत सर्वेशने दोन गुण आणले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि एकच चढाई हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसरी चढाईही झाली. तिसरीत नितेश पुढे झेपावला. मी अंग घट्ट करून तयार राहिलो, कारण त्याचा हात माझ्यावर येणार होता.

तो आला नाही. नितेशने मला नीट पाहिलं, मला सोडलं आणि उघड्या उजव्या पायाला मिठी मारली. सर्वेश वळला, पाय वळला नाही. शेजारच्या गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला, आणि मला काहीच करता आलं नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि वर्षभर खेळ बंद. व्यवस्थापक फोनवर चांगलं बोलले, बरा झालास की कळव म्हणाले. त्याच्या जागी दुसऱ्या मुलाने सही केली.

आठवड्याने नितेश घरी आला. ओटीवर सर्वेशशेजारी बसला.

"मी पट्टा बघितला रे," तो म्हणाला. "म्हटलं, याचा करार व्हायचाय. दुखऱ्या पायाला हात लावायचा नाय. म्हणून चांगला धरला."

मग सर्वेश हळूच म्हणाला, "पट्टा चुकीच्या पायाला होता. मीच बांधला होता."

"नाय," कोपऱ्यातून महिपत म्हणाले. "मी सांगितलं त्याला." आणि ते उठून परसात गेले. जेवायला हाका मारल्या तरी आले नाहीत.

सर्वेश आता चालतो, थोडा पळतोही. वाडीतल्या मुलींना कबड्डी शिकवतो. मुंबईचा करार पुन्हा झाला नाही. त्याच्या शिष्यांपैकी एकीचा घोटा दुखत असला आणि ती लपवू लागली, की तो तिला सरळ बाहेर बसवतो.

मित्रांनो, मला धुवा, वाळवा, जपा, हे तर मी सांगेनच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. मला जिथे दुखतं तिथेच बांधा. ज्याला तुम्ही फसवायला निघालात, तो तुम्हाला वाचवायला निघालेला असू शकतो. त्याला निदान कळू तरी द्या, कुठला पाय सोडायचा ते.