गौळणीची दुसरी चरवी

हरणाबाईंच्या गोठ्यात गौळण म्हशीच्या दुधानं रोज सकाळी दोन चरव्या भरत. महिन्याच्या मोजणीला पहिली अंगणात यायची, काट्याला लागायची आणि वहीत उतरायची. दुसरी वैरणीच्या पेंढ्यांमागं, फडक्याखाली झाकून राहायची. दोन्ही चरव्या भरायची सून पूजा, आणि वही लिहायची तीही पूजाच. देव कुणाला कुठं अडकवील, सांगता येत नाही.

रहिमतपूरजवळच्या त्या वस्तीवर वर्षापूर्वी म्हशींचा अभ्यास करायला सांगलीहून सौमित्र सर आले होते. पाच रेड्यांच्या लेकी बारा गावांतल्या गोठ्यांत विखुरलेल्या. एक म्हैस सकाळी सहा लिटर देते, दुसरी साडेतीनच. या फरकात बापाच्या रक्ताचा वाटा किती आणि पेंडीचा, पाण्याचा, मायेचा किती, ते सरांना गणितानं काढायचं होतं.

"एकाच बापाच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदूनसुद्धा एकमेकींसारख्या निघाल्या, तर तो गुण रक्तातला समजायचा," सरांनी सांगितलं.

पूजाला ते लगेच कळलं. तीही परक्या घरीच नांदत होती.

महिन्यातून एकदा वस्तीवरच्या तीस गोठ्यांत जायचं, दूध मोजायचं, लिहायचं, एवढंच काम. पण नवरा धैर्यशील पलटणीत, वर्षातून दोनदा येणारा. एरवी तिचा दिवस शेण, पाणी आणि भाकरी यांतच मावळायचा. त्या वहीमुळं ती उंबऱ्याबाहेर पडायची, कुणी तिला नावानं हाक मारायचं. हरणाबाईंनी परवानगी दिली ती जोतिबाचा गुलाल तिच्या तळहातावर ठेवून, शपथ घालूनच.

"आपल्या गौळणीचा खरा आकडा घराबाहेर जायचा न्हाई. हिराचं काय झालं ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. हिरा म्हणजे आधीची म्हैस. अंगणात उभ्या पाहुण्यानं तिची भरलेली चरवी पाहून "वा" म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी तिची कास दगडासारखी झाली. ती पुन्हा दुधाला आलीच नाही. हरणाबाई आठ दिवस जेवल्या नव्हत्या. ते आठवलं की पूजाच्या तोंडचा शब्द आत जायचा.

म्हणून गौळण द्यायची सहा आणि वहीत उतरायचे चार.

दोन-तीन महिन्यांत पूजाला दुसरीही गोष्ट कळली. शेजारच्या साळूबाईच्या गोठ्यात घमेल्याखाली काहीतरी झाकलेलं असायचं. पलीकडच्या घरी चुलीमागं. जिची म्हैस लय दुधाची, ती लय झाकायची; जिची बेताची, तिच्याकडं झाकायला काही नसायचं. वहीत सगळ्या एका रांगेत बसल्या: साडेतीन, चार, चार, साडेतीन. बाकीच्या गावांतही वही लिहिणाऱ्या सुनाच होत्या. खरं लिहावं तर शपथ मोडते. खोटं लिहावं तर गणितच खोटं पडतं, आणि गणित पडलं की काम बंद.

कार्तिकातल्या सप्ताहात बुवांनी कीर्तनात एक गोष्ट लावली. देव एका बाईच्या दारात येऊन म्हणाला, "तुझ्या लोण्याच्या गाडग्याला नुसता हात लावू दे, सरणार नाही." बाईनं गाडगं पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "आमच्यात गाडगंच न्हाई." देव "बरं" म्हणून पुढं गेला. मृदंग थांबला. बायका हसल्या. पूजा हसली नाही.

प्रसाद घेताना तिनं विचारलं, "बुवा, शपथ मोडली तर?"

"कुणाच्या धाकानं घेतली होती, पोरी?"

"आत्याबाईंच्या."

"मग मोडायचीच असली तर त्यांच्यासमोर मोड. पाठीमागं मोडू नको."

पूजाला वाटलं, बुवांनी दार दाखवलं खरं, पण त्याच दारात आत्याबाई उभ्या आहेत.

पुढच्या मोजणीला सर स्वतःच आले. चहाला नको म्हणाले.

"पूजाताई, पाचही रेड्यांच्या लेकी सारख्याच भरतायत. रक्ताचा वाटा जवळजवळ शून्य निघतोय. एवढा कमी मी कुठं पाहिला नाही, पण आकड्यांपुढं काय बोलणार? हे रेडे बाद होतील. काम बंद करतोय. वही द्या."

पूजानं वही छातीशी धरली. हरणाबाई गोठ्याच्या दारातून पुढं आल्या.

"म्हंजी आमच्या गौळणीच्या बापात काय दम न्हाई म्हणता?"

"आकडे म्हणतात, मावशी. गौळण चार, साळूबाईंची चार."

"साळूची म्हस आन् माझी गौळण एका दावणीला बांधता व्हय?"

पूजा गोठ्यात गेली, पेंढ्यांमागची चरवी उचलली आणि बाहेर आणून सासूच्या पायाशी ठेवली. सरांकडं तिनं पाहिलंही नाही.

"आत्याबाई, शपथ मोडते. तुमच्यासमोर मोडते."

हरणाबाईंनी झटकन पदर चरवीवर टाकला. "झाक. आधी झाक, पूजे." मग त्या सरांना म्हणाल्या, "बघितलंत न्हवं? बघा. पन लिवू नका."

"लिहिल्याशिवाय मला काही करता येत नाही, मावशी."

गौळण निवांत रवंथ करत होती.

पूजा पाणी तापवायच्या चुलीकडं गेली. हंड्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि वहीच्या पानाच्या कोपऱ्यात, तान्ह्या पोराच्या गालाला लावतात तशी, तीट लावली. पान सासूपुढं धरलं.

हरणाबाई त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हंड्याला अंगठा घासला आणि तो ठिपका चांगला रुपयाएवढा केला.

"एवढीशी तीट कुठं पुरतीया. आता लिव. सहा. वरचे थेंब न्हाई लिवायचे."

पूजानं सहा लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

सर वहीची मागची पानं चाळत होते. "आणि हे वर्षभराचं?"

"खोटं हाय, सर. माझ्याच हातचं. बाकीच्या गावांतबी असंच असंल."

सर ओट्यावर बसले. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि वही त्यांनी तिच्याकडं परत केली. "एकोणतीस गोठे राहिले, पूजाताई. काढतील दुसरी चरवी बाहेर?"

तिनं फळीवरची काजळाची डबी पिशवीत टाकली, काटा खांद्याला लावला.

"साळूबाईपासनं सुरू करते."

ती उंबऱ्यापाशी पोचली तोच मागून हाक आली.

"पूजे, साळूला माझा आकडा सांगायचा न्हाई. गुलाल अजून हाय घरात."