मागच्या गाडीत कोण बसणार?

दुकानात पडून राहिलेले टायर वहिनीने पिकअपला घेतले, तर दिराला त्याच्या कारसाठी दोन टायर फुकट मिळणार होते. त्यामुळे सकाळपासून त्याला वहिनीच्या जिवाची भलतीच काळजी लागली होती.

वहिनी बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची. तिने टायरची कड अंगठ्याने दाबून पाहिली. “हे मऊ आहेत, भाऊजी. मागे गाडी जोडली की पिकअप डुलायला लागेल. मला जाड कडेचे हवेत.”

“वहिनी, तुला टायरमधलं काय कळतंय? दादा असता तर डोळे झाकून हेच घेतले असते. दिसतात कसे बघ!”

“मिरवायला नकोत मला, ओझं ओढायला हवेत.”

“ताई, गॅरंटी माझी,” दुकानदार मध्ये पडला.

“मग बसवा. मी डोंगराचा उतार उतरते. मागे ओढलेल्या गाडीत तुम्ही दोघं बसायचं.”

दुकानदाराला एकदम फोन करायची आठवण झाली. दीर छताचा पंखा न्याहाळू लागला.

“गाडी मी चालवते, टायरही मीच निवडणार,” असं म्हणून वहिनीने जाड कडेचे चार टायर बसवून घेतले.

त्यांचे पैसे तिने भरले. दिराच्या कारच्या दोन टायरचे पूर्ण पैसे आठवड्याने भरले, ते दिराने.