खांबावरचे दोन ठोके

चिंतामणराव दिव्याच्या खांबापाशी आले, काठी उचलली आणि ती न वाजवताच पुढे निघून गेले.

सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते पाटबंधारे खात्यातले कारकून आणि समोरच्या दारातला दस्तगीर शिंपी. पहाटे खांबावर काठीचे दोन ठोके पडले की जोडी अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागायची. चिंतामणराव चालायला जायचे, दस्तगीर बघायला. गवत पिवळं पडून दवानं चपला भिजू लागल्या की त्याची नजर परीट पक्ष्याला शोधायची. शेपूट नाचवणारा तो इवलासा जीव दिसला की म्हणायचा, "आला बगा पाव्हणा, चिंतोपंत! आता थंडी लय पडणार. कान बांधत जावा." चिंतामणराव हसून सोडून द्यायचे.

पण हा ब्याण्णव सालचा डिसेंबर होता. गल्लीत काही झालं नव्हतं. रेडिओवर मात्र रोज दंगलींच्या बातम्या. कट्ट्यावरच्या कुणीतरी विचारलं, "अजून त्याच्याबरोबर जाता?" एवढ्यानंच चिंतामणरावांची गाळण उडाली. चार दिवस जरा निवळू दे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी वाटेवर परीट दिसला. "दस्तगीर, आला बघ..." म्हणत ते वळले. मागे कुणी नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाचव्या दिवशी त्यांनी ठोके दिले. दार अख्तरबीनं उघडलं.

"दस्तगीर उठला नाही का, वहिनी?"

"उठत्यात की. चार दिस मफलर बांदून दाराआड हुबं हुतं. तुमची पावलं आली की कडीला हात घालायचं."

आतून दस्तगीरचा आवाज आला, नेहमीसारखाच गोड. "तुमी व्हा फुडं, चिंतोपंत. माजं गुडगं धरल्यात."

ते गुडघे पुन्हा सुटलेच नाहीत. पायमशीन मात्र दिवसभर धडधडत असे. दस्तगीर चिंतामणरावांचे सदरे शिवी, चहा पाजी, त्यांच्या पत्नी उमाबाईंची चौकशी करी. फिरायचं नाव काढत नसे.

सहा हिवाळे गेले. सातव्या डिसेंबरात चिंतामणराव गडावरून उतरले ते थेट दुकानाच्या पायरीशी आले. कान मफलरनं घट्ट बांधलेले.

"दस्तगीर, पाव्हणा आला."

मशीनवरचे पाय थांबले. दस्तगीरनं मान वर करून त्यांच्या बांधलेल्या कानांकडे पाहिलं.

"आला व्हय? बरं झालं," तो म्हणाला, आणि मशीन पुन्हा चालू झाली.