मागच्या खोलीचा रेडिएटर

आमच्या घरातला एकेक पाइप क्लिफर्डनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं घातलाय. हे तो आमच्या टॉडमॉर्डन गावात ज्याला त्याला ऐकवतो, खाटकाच्या रांगेत उभा असला तरी. पेन्सिलीएवढ्या जाड, हातानं वाकतील इतक्या मऊ तांब्याच्या नळ्या. जिन्याखालच्या कपाटातून, गरम पाण्यानं खोली तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला त्यांची एक जोडी जाते. मायक्रोबोअर म्हणतात याला. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत सगळ्यांनी त्या नळ्या घातल्या आणि पुढे सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. क्लिफर्डनं नाही मारला. त्याच्या मते दोष नळ्यांत कधी नसतोच, घरातल्या माणसांत असतो.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी तिला आमच्याकडे मागच्या खोलीत आणलं. तेव्हा खोली बरी ऊबदार होती. नोव्हेंबर लागला आणि तिथला रेडिएटर जो गार पडला तो पडलाच. बाकी घर गरम.

"गाळ," क्लिफर्ड म्हणाला. "बारीक नळीत गाळ बसतोच. व्हॉल्व्हही जुने झालेत. आणि तुझ्या आईला एवढीच थंडी वाजत असेल, तर वृद्धाश्रमात दिवसरात्र ऊब असते म्हणे."

मी विजेचा हीटर ठेवून पाहिला, तर आईच्या गाऊनची कड जळली. मग म्हाताऱ्या माणसांची सोय बघणाऱ्या, कौन्सिलच्या मिसेस ऑलरॉइड आल्या. हातमोजेही न काढता त्या खोलीभर फिरल्या.

"गुरुवारी परत येते," त्या म्हणाल्या. "तोवर खोली गरम झाली नाही, तर मला तुमच्या आईची सोय दुसरीकडे करावी लागेल. छातीत एवढा कफ असताना त्या इथे हिवाळा काढणार नाहीत."

आईनं लोकरीची टोपी कानांवर आणखी खाली ओढली. क्लिफर्डचा चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा उजळला, आणि तो चेहरा मी नीट बघून ठेवला.

मी प्लंबरला फोन केला. ज्यानं पाइप घातले तो नवरा घरात असताना प्लंबर बोलावणं म्हणजे आमच्या या खोऱ्यात नवऱ्याला भर चौकात जोडा मारणं. मारला तर मारला.

बुधवारी प्लंबर डंकन आला. क्लिफर्डनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून दारातच मांडली आणि नाकानं कांदे सोलायला बसला.

"हा पाना चालायचा नाही."

"चालतोय की."

"नळी एका हातानं धर, नाहीतर पिळवटेल. मऊ तांबं आहे ते. तुम्हा पोरांना काय कळतंय!"

"काका," डंकन मान वर न करता म्हणाला, "मी व्हॉल्व्ह बदलतोय. तुमचं लग्न नाही लावत."

"ते लागलंय," क्लिफर्ड माझ्याकडे बघत म्हणाला. "तेच तर भोगतोय."

"भोग," मी म्हणाले. "फुकट तर भोगतोयस."

घरभरचे जुने, गंजून घट्ट बसलेले व्हॉल्व्ह निघाले, नवे बसले. डंकननं पाणी भरलं, बॉयलर पेटवला. पुढच्या खोलीत हात लावता येईना इतकं लोखंड तापलं. मागच्या खोलीत नवाकोरा व्हॉल्व्ह चमकत होता आणि रेडिएटर होता तस्सा गार.

"सांगितलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. "पैसे गेले पाण्यात."

"राहू दे गं नोरीन," आई पांघरुणातून म्हणाली. "जाते मी. तुमच्यात भांडणं नकोत."

मला रडू यायला लागलं होतं, पण त्याच्यासमोर मी रडणार नव्हते.

डंकननं नट पुन्हा सैल केला. ज्या नळीतून गरम पाणी जोरात यायला हवं, तिच्यातून एक थेंब आला, मोठ्या मुश्किलीनं दुसरा. हातपंप लावून त्यानं उलटा दाब दिला. पाणी पुढे सरकेना.

"गाळ असता तर काळं काहीतरी आलं असतं," तो म्हणाला. "हे पाणी स्वच्छ आहे. पलंग सरकवूया. जमिनीची फळी काढून बघतो."

क्लिफर्ड ताडकन उठला. "फळीला हात लावायचा नाही! जुने खिळे आहेत, फळी फुटेल."

डंकननं सतरंजीचं टोक मागे ओढलं. "खिळे कुठायत? बाकी सगळ्या फळ्यांना आहेत. हिला स्क्रू आहेत. तेही नवे."

डंकननं स्क्रू एकेक करून काढले. फळी निघाली. खाली दोन नळ्या शेजारी शेजारी गेलेल्या, जुन्या, काळवंडलेल्या. त्यातली एक मध्येच चपटी झाली होती, आणि त्या चपट्या जागेवर पकडीच्या दातांच्या खुणा लखलखत होत्या.

"वाकवताना पिचली असेल," क्लिफर्ड म्हणाला. "तेव्हाच."

"ही नळी इथे सरळ जातेय, काका. वाकवलीय कुणी? आणि तेव्हाच्या खुणा आजवर चकाकत नाहीत."

"अगं, तो दुरुस्त करत होता," आई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"तू बाजारात गेली होतीस, नोरीन. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला. क्लिफर्ड बराच वेळ पलंगामागे गुडघ्यांवर बसला होता बिचारा. मी नुकती काठी घेऊन चालायला लागले होते. म्हटलं, आपल्या उबेसाठी एवढा राबतोय, चहा तरी करून द्यावा. आल्याची बिस्किटंही दिली. दुरुस्तच करत होतास ना रे?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो डंकनच्या पान्याकडे बघत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोल की," मी म्हणाले. "आजवर तोंडाचा पट्टा थांबला नाही तुझा. आता बोल!"

"घर माझं आहे," तो अखेर म्हणाला. "रात्रंदिवस खोकला. न्हाणीघरात तिचे दात. मला विचारलं होतंस आणताना?"

"विचारलं होतं. तू हो म्हणाला होतास."

"नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण निदान तू माणूस ठरला असतास."

आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. डंकननं तो चपटा तुकडा कापून काढला, जागी नवी नळी जोडली, आणि थोड्या वेळानं रेडिएटर टिकटिक करत तापायला लागला.

गुरुवारी मिसेस ऑलरॉइड आल्या. आधी हातमोजे काढले, मग कोटही. "वा," त्या आईला म्हणाल्या, "आता कशाला हलवायचं तुम्हाला?" आईनं पहिल्यांदाच टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी किटली ठेवली. आमच्याकडे किटली ठेवली की घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, भांडण झालेलं असो की घरात मयत झालेलं असो. न विचारणं म्हणजे तो माणूस आपल्याला मेला. संसाराला इतकी वर्षं झाली, मी एकदाही चुकले नव्हते.

मी तीनच कप आणले. क्लिफर्ड दारातल्या त्याच खुर्चीत बसला होता. तबक समोरून गेलं तसा त्याचा हात सवयीनं पुढे आला आणि तसाच राहिला.

"मिस्टर बारक्लफ नाही घेत चहा?" मिसेस ऑलरॉइडनी त्याच्याकडे बघत विचारलं.

"त्यांचा झालाय," मी म्हणाले. "याच खोलीत. आईनं करून दिला होता."